आधी कुणाचा कान?

हौशी रेडिओवाल्यांच्या जगात भारतातून निघून चहूकडे पोचलेला एक सेट आहे: बिटएक्स. हैदराबादचे अश्हर फरहान, कॉल साइन व्हीयू२ईएसई, यांनी २००३-०४च्या सुमारास त्याची पहिली रचना सगळ्यांसाठी खुली केली. १४ मेगाहर्ट्झवर चालणारा, पाच-सहा वॅटचा, माइकवर बोलायचा सेट. त्यातले बहुतेक भाग तालुक्याच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळतील असे होते. कॉइलसाठी टोरॉइड मिळत नाहीत म्हणून नळाचे नायलॉनचे वॉशर वापरले. ट्रान्सफॉर्मरसाठी टीव्हीच्या बॅलनचे कोर घेतले, आणि शेवटच्या टप्प्याला आयआरएफ५१० लावला, जो मुळात पॉवर सप्लायसारख्या स्विचिंगच्या कामासाठी बनवलेला मॉस्फेट. पुढे २०१६मध्ये ७ मेगाहर्ट्झचा बिटएक्स-४० तयार बोर्ड म्हणून विकायला आला. २०१७च्या अखेरीस ३ ते ३० मेगाहर्ट्झ चालणारा मायक्रो-बिटएक्स आला, शंभर डॉलरच्या आसपास. या बोर्डांच्या कॉइली हैदराबादच्या बायकांच्या एका गटाने हाताने गुंडाळल्या. सर्किट खुलं, प्रोग्रॅम खुला, आणि विकणाऱ्यानेच सांगितलेलं की हा प्रयोगाचा सेट आहे, उघडा आणि बदला.

लोकांनी तो उघडला, बदलला, आणि उणिवा शोधल्या. कुठली उणीव आधी काढायची, यावर मात्र मला दोन स्वभाव दिसतात. दोन्हींबद्दल मला आदर आहे, म्हणून ते मी इथे दोन माणसांच्या तोंडी घातले आहेत. माणसं कल्पित आहेत. काका आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेले. पुतणी शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेली, हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा पास होऊन लायसन मिळवलेली. गाव खरं आहे: बुलडाणा जिल्ह्यातलं संग्रामपूर, सातपुड्याच्या पायथ्याशी. उत्तरेला डोंगर असला की व्हीएचएफ त्याला अडतं. ७ मेगाहर्ट्झ मात्र आयनोस्फिअरला जाऊन वरून खाली येतं आणि दिवसा चार-पाचशे किलोमीटरचा टापू सहज झाकतं. हैदराबाद त्याच टापूत येतं. टेबलावर मायक्रो-बिटएक्सची जुनी, चौथी आवृत्ती, फवारणी पंपातली १२ व्होल्टची बॅटरी, आणि अंगणात दहा-दहा मीटरच्या दोन तारांचा डायपोल.

काका: याचा पहिला आजार मी कानानंच धरला. दूरचा माणूस बोलला तं कान लावा लागते, अन् जवळचा बोलला का कानठळ्या बसते. याले एजीसीच नाही. आपल्या साध्या रेडिओत स्टेशन कमीजास्त झालं तरी आवाज एका पातळीवर राह्यते, ते एजीसीमुळे. दोन डायोड, एक फेट, चार कपॅसिटर. आज लावून टाकतो. दुसरा आजार म्हणजे माइकचं बटण, म्हणजे पीटीटी, सोडलं का स्पीकरात फटाका फुटते. तिथं एक मॉस्फेट टाकून आवाज क्षणभर दाबला का झालं. तिसरं, बॅटरी उलटी लागली तं बोर्ड गेला. डायोड अन् फ्यूज पाह्यजेच.

पुतणी: तिसरं आजच करा. पहिल्या दोन गोष्टी थांबू द्या.

काका: काऊन? ऐकूच येत नाही तं बोलशील काय?

पुतणी: काका, तुम्ही सांगितलेले आजार आपल्या कानाचे आहेत. त्रास आपल्याला होतो, आपण सोसू शकतो. या सेटचे दोन आजार असे आहेत की ते आपल्याला कधीच ऐकू येणार नाहीत, त्यांचा त्रास दुसऱ्यालाच होणार. आपण ७.१वर बोलायचं म्हटलं तर त्याची दुप्पट १४.२, तिप्पट २१.३, तिथेही थोडं थोडं जातं. हे हार्मोनिक अडवायला सेटमध्ये लो-पास फिल्टर आहेत. फिल्टर चांगले आहेत. पण ते निवडायला जे रिले लावलेत, त्यात फिल्टरमध्ये जाणारी आणि फिल्टरमधून येणारी तार एकाच रिलेच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांवर आहे.

काका: म्हणजे आत शिरायचं दार अन् बाहेर पडायचं दार एकाच चौकटीत.

पुतणी: हो. वरच्या फ्रिक्वेन्सीला त्या पट्ट्यांमधली जराशी कपॅसिटन्ससुद्धा पुरते. सिग्नल फिल्टरला वळसा घालून सरळ अँटेनाला जातो.

काका: पाटाचं दारं बंद केलं तरी बुडातून पाणी झिरपते, तसं.

पुतणी: तसंच. २०१८मध्ये लोकांनी स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर लावून मोजलं तेव्हा हे कळलं. अमेरिकेचा नियम सांगतो की ३० मेगाहर्ट्झखालच्या नव्या हॅम सेटचं नको असलेलं प्रक्षेपण मूळ सिग्नलपेक्षा किमान ४३ डेसिबल खाली हवं. दहा वॅटच्या सेटला ते होतं अर्धा मिलिवॅट. हा सेट काही बँडवर त्यात बसत नव्हता.

काका: अर्धा मिलिवॅट! माय, तेवढ्यात टॉर्चाचा दिवाबी लागत नाही. लोक चारशे वॅटवर बोलते. आपला दहा वॅटचा सेट, त्याचा वीस हजारावा भाग कोण ऐकून रायला?

काकांचा हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि कमी शक्तीवर काम करणाऱ्या बऱ्याच हॅम लोकांच्या मनात तोच असतो. आपण लहान, आपला त्रासही लहान. पण रेडिओचा हिशेब नुसत्या वॅटवर चालत नाही, वेळ आणि दिशा जुळण्यावरही चालतो. काही मिलिवॅटचे डिजिटल बीकन अनुकूल वेळी हजारो किलोमीटरवर टिपले जातात, हे हॅम लोकांनीच वारंवार दाखवलेलं आहे. स्वतःचा क्षीण सिग्नल दूर पोचला की आपण आनंदाने वहीत लिहितो. मग आपला क्षीण कचरा दूर पोचत नाही, असं मानायला काही आधार उरत नाही.

पुतणी: दुसरा आजार पाहा, तो यापेक्षा वाईट आहे. हा सेट आतल्या आत आपला आवाज आधी ४५ मेगाहर्ट्झवर नेतो. मग एसआय५३५१ चिपची एक फ्रिक्वेन्सी त्यात मिसळून हव्या त्या बँडवर उतरवतो. २८.५८वर बोलायचं असेल तर ती मिसळायची फ्रिक्वेन्सी ७३.५८. त्यातून ४५ वजा केले की २८.५८.

काका: बरोबर. सुपरहेट उलटा चालवला.

पुतणी: पण ४५च्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जोर जास्त झाला की ४५ची दुप्पटही तयार होते, ९०. ९०मधून ७३.५८ गेले की किती उरतात?

काका: सोळा... १६.४२.

पुतणी: म्हणजे आपण २८.५८वर बोलतोय आणि त्याच वेळी आपला उलटलेला, न कळणारा आवाज १६.४२लाही निघतोय. कुठलाही आकडा घ्या, ४५मधून वजा करा, तिथे आपलं भूत उभं. आता १६.४२ म्हणजे १६,४२० किलोहर्ट्झ. ही कोणाची जागा आहे माहितेय? समुद्रावरच्या जहाजांची. संकटाची हाक आवाजाने द्यायला राखून ठेवलेल्या आंतरराष्ट्रीय फ्रिक्वेन्सींपैकी एक.

काका: ...अन् फिल्टर?

पुतणी: २८चा लो-पास फिल्टर ३०च्या खालचं सगळं सोडतो. त्याच्या दृष्टीने १६ही ठीक आणि २८ही ठीक. इथे रिले सुधारूनही उपयोग नाही. उगमापाशीच जावं लागतं: ४५च्या टप्प्यातला जोर कमी करणं, तिथल्या कॉइली चांगल्या लावणं.

काका: ७वर?

पुतणी: ४५ उणे ७, म्हणजे ३८. तो फिल्टरच्या बराच वर आहे, कापला जातो. ७वर फक्त हार्मोनिकची भानगड.

हे गणित कागदावर दोन ओळींत होतं, आणि तरीही ते पाहिल्यावर सेटकडे बघायची नजर बदलते. संग्रामपुरातून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. इथे बसलेल्या माणसाला जहाज आठवायचं काही कारण नाही. १६.४२वर आपण गेलो हे आपल्याला कळण्याचा एकही मार्ग आपल्या सेटमध्ये नाही. समोरचा माणूस सांगेल, "आवाज छान येतोय." ते खरंही असेल, कारण तो २८.५८ ऐकतोय.

काका: मंग मले एक सांग. असा सेट लोकाईले विकाच कायले? बनवणाऱ्यानं मोजलं नव्हतं का?

पुतणी: हाच प्रश्न मला विचारायचा होता. मला वाटतं, शंभर डॉलरला सेट देऊन "प्रयोगाचा आहे" असं म्हटलं की जबाबदारी घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. आणि घेणाऱ्यापैकी कितीजणांकडे अ‍ॅनलायझर असतो?

काका: थांब, तुले आता मी सांगतो. मी पस्तीस-चाळीस वर्षं लोकाईचे सेट उघडले. कंपनीचा बंद सेट आला का त्याचं सर्किट भेटत नाही. आयसीवरचा नंबर घासून काढलेला. त्यात काय चुकलं हे कोणालेच समजत नाही, म्हणून तो चांगला वाटते. याचा दोष कळला तो याचं सर्किट खुलं होतं म्हणून. लोकाईनं मोजलं, सांगितलं, त्यानं ऐकलं, पुढच्या आवृत्तीत बदललं. हाव का नाही?

पुतणी: हो. पाचव्या आवृत्तीत या दोन्ही गोष्टींवर काम झालं. आणि फरहान यांनी पुढे अँटुइनो नावाचं एक स्वस्त मोजमापाचं यंत्रही काढलं, अर्डुइनोवर चालणारं. त्याने अँटेना मोजता येते, पॉवर मोजता येते, फिल्टरही तपासता येतो.

काका: मंग! सेट देल्ला, अन् सेटाले तपासाचा काटाबी देल्ला. आणखी काय पाह्यजे?

पुतणी: जुन्या आवृत्तीचे जे सेट लोकांच्या टेबलावर आहेत, ते आपोआप सुधारत नाहीत. हा आपला चौथीचाच आहे. आणि काका, सेट तुमचा, सोल्डर तुमचं, पण कॉल साइन माझी. हवेत जे जाईल ते माझ्या नावानं जाईल.

इथे मी काकांच्या बाजूने थोडं बोलतो. खुल्या सर्किटमध्ये दोष सापडणं ही नामुष्की नाही, ती त्या पद्धतीची पावती आहे. सातासमुद्रापारच्या लोकांनी हैदराबादी बोर्डावर प्रोब ठेवून नेमका कुठला रिले, कुठली कॉइल हे शोधलं. त्यातून ट्रान्समीटर म्हणजे काय हे हजारो घरांमध्ये पहिल्यांदा नीट कळलं. तयार सेट विकत घेऊन हे कळलं नसतं. पण पुतणीचं "कॉल साइन माझी" हे वाक्य त्याहून वरचं आहे. लायसन देताना सरकार सर्किट कोणी आखलं हे विचारत नाही. स्टेशनातून जे निघेल त्याला चालवणाराच उत्तरदायी, आणि हौशी माणसाला स्वतःचा ट्रान्समीटर बांधायची मोकळीक मिळालेली आहे ती याच अटीवर.

काका: बरं, तुह्यं आधी करू. पण माह्या आजारालेबी तू कमी नको लेखू. आता हेडफोन लाव अन् ऐक. टिक... टिक... टिक.

पुतणी: सेकंदाला एक. झटका मशीन.

काका: हाव. डोंगराच्या पायथ्याशी प्रत्येकाच्या वावराले आता तार आहे. रानडुक्कर अन् रोही रातभरात तुरीचं वाटोळं करते, शेतकरी काय करन? सोलरवरची झटका मशीन लावते. सेकंदाले एक ठोका, हजारो व्होल्टचा. तो ठोका मले ७ मेगाहर्ट्झवर ऐकू येते. म्हणून म्हणतो, सेटात नॉइज ब्लँकर टाकू. ठोका आला का तेवढा क्षण रिसीव्हर बंद.

पुतणी: टाकता येईल. पण नुसता झटका एवढा आवाज करत नाही. तारेला कुठेतरी गवत टेकलंय, किंवा इन्सुलेटर तडकलाय, किंवा जोड ढिला आहे. तिथे प्रत्येक ठोक्याला ठिणगी उडते. ठिणगी म्हणजे जुना ट्रान्समीटरच, सगळ्या बँडवर एकदम बोलणारा. ज्याचं वावर आहे त्याला सांगून गवत कापलं आणि इन्सुलेटर बदलला तर आपला आवाज जाईल. त्याचाही फायदा, कारण ठिणगी उडते तिथे त्याचा झटका वाया जातो आणि पुढची तार कमजोर होते.

काका: मी सांगतो त्याले. ऐकन तो.

पुतणी: त्याला माहीत तरी आहे का, की त्याच्या कुंपणाचा त्रास आपल्याला होतोय?

काका: त्याले कसं माहीत राहीन? त्याच्यापाशी काय रेडिओ आहे?

पुतणी: १६.४२वाल्या जहाजाच्या दृष्टीने आपण कोण आहोत मग?

(या प्रश्नावर काका बराच वेळ बोलत नाहीत, असं मी ठरवलं होतं. पण माझ्या ओळखीचे सगळे जुने मेकॅनिक अशा वेळी गप्प बसत नाहीत, उलट मुद्दा ओढून आपल्या हद्दीत आणतात. म्हणून काकांनाही बोलू देतो.)

काका: समजलं. पण तुह्याच न्यायानं आता माह्यं ऐक. ज्याले नीट ऐकू येत नाही, तो काय करते? बँड मोकळा आहे असं समजून माइक दाबते, अन् दोघांच्या बोलण्यावर बोलून जाते. एजीसी नाही, म्हणून तू आवाज कमी करून ठेवते. आवाज कमी, म्हणून दूरचा बारीक माणूस तुले ऐकू येत नाही. तू त्याच्या डोक्यावर जाऊन सीक्यूची हाक मारते. हा त्रास कोणाले? दुसऱ्यालेच ना? बहिऱ्या सेटाचाबी त्रास शेजाऱ्याले राह्यते, पोरी.

पुतणी: ...हे मला सुचलं नव्हतं.

काका: अन् तो जुना बिटएक्स-४० आठव. पहिल्या बोर्डात अर्डुइनोची ट्यूनिंग नव्हती, व्हरॅक्टरची होती. सेट तापला का हळूहळू सरकाचा. चालवणाऱ्याले वाटे समोरचाच सरकून रायला. मंग हा त्याच्या मागं, तो याच्या मागं, दोघंबी बाजूच्या बोलण्यावर. रिसीव्हराचा दोष होता का ट्रान्समीटराचा? सांग तू.

काकांनी मांडलेली ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण "आपला कान" आणि "दुसऱ्याचा कान" अशी सरळ रेघ ओढली की लेख सोपा होतो, पण ट्रान्ससीव्हर तसा नसतो. बिटएक्समध्ये तर मुळीच नाही. त्याची खुबीच ही की तेच अ‍ॅम्प्लिफायर, तोच क्रिस्टल फिल्टर येतानाही वापरतात आणि जातानाही. नावातलं "बी आय" दोन्ही दिशांचंच. एका दिशेची दुरुस्ती दुसऱ्या दिशेला लागतेच. तरीसुद्धा क्रम लावायचाच झाला तर मी पुतणीचा लावीन. बहिरा सेट चालवणारा माणूस जपून वागू शकतो: माइक दाबण्याआधी थांबू शकतो, विचारू शकतो, दोन मिनिटं ऐकू शकतो. १६.४२च्या बाबतीत कितीही सभ्य माणूस असला तरी त्याच्या सभ्यतेचा उपयोग होत नाही. तिथे फक्त सर्किटच सभ्य असावं लागतं.

काका: मोजाचं कसं? अ‍ॅनलायझर काय संग्रामपुरात भेटते?

पुतणी: आता हातात मावणारे, काही हजारांत मिळणारे आहेत. एक मागवू. पण अँटेनावर मोजायचं नाही. आधी डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी रेझिस्टर.

काका: ते मी करतो. एक किलोओहमचे दोन वॅटचे वीस रेझिस्टर समांतर. पन्नास ओहम, चाळीस वॅट. वायरवाउंड नाही घेत, त्याची स्वतःचीच कॉइल होते. पत्र्याच्या डब्यात बसवतो.

पुतणी: आणि त्यावरून ४० डेसिबलचा टॅप काढा. दहा वॅटला ५० ओहमवर बावीस व्होल्टच्या वर जातात. ते थेट अ‍ॅनलायझरला दिले तर तो मरेल.

काका: तोपर्यंत मी दुसरा रेडिओ बाजूले ठेवून ऐकतो ना. १४.२वर काही येते का.

पुतणी: नको, काका. एवढ्या जवळ ठेवलेला रिसीव्हर ओव्हरलोड होतो, आणि स्वतःच्या पोटात हार्मोनिक तयार करतो. तुम्हाला दिसेल ते आपल्या सेटचं का त्या रेडिओचं, कळणार नाही. आपण सुधारलेलंच पुन्हा बिघडवत बसू.

काका: हे खरं. टीव्हीच्या बूस्टरात असं पाह्यलं मी.

दुरुस्ती कुठली, यावरही दोघांचं एकमत सहज होत नाही. काकांना बोर्डावरच हात घालायचा आहे: रिलेकडे जाणारे ट्रॅक ब्लेडने कापायचे, आत जाणारी तार एका रिलेला आणि बाहेर येणारी दुसऱ्याला, मधे बारीक कोॲक्स. अनेकांनी हे केलं आहे आणि ते चालतं. पुतणीला बोर्ड न कापता बाहेर, अँटेनाच्या वाटेवर, ७ मेगाहर्ट्झसाठी वेगळा लो-पास फिल्टर हवा आहे: पत्र्याच्या डबीत तीन टोरॉइड आणि चार चांगले कपॅसिटर. टोरॉइड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवायचे.

काका: बाहेरचा फिल्टर म्हणजे दुखण्यावर पट्टी. आतलं तसंच राह्यते.

पुतणी: पण तो मोजून बनवता येतो, मोजून लावता येतो, आणि चुकला तर काढता येतो. कापलेला ट्रॅक जोडता येतो, पण पहिल्यासारखा होत नाही. शिवाय मला सध्या ७वरच बोलायचं आहे. सकाळच्या रेडिओ नेटला हैदराबाद, नागपूर, पुणे सगळे तिथेच असतात.

काका: अन् १४, २१, २८? सेट घेतला ३ ते ३०चा, वापराचा एकच बँड?

पुतणी: तेवढ्यासाठी मी प्रोग्रॅममध्ये कुलूप घालणार आहे. मूळ प्रोग्रॅम ३ ते ३०मध्ये कुठेही माइक दाबला तरी ट्रान्समिट करू देतो, हॅमचा बँड असो वा नसो. मी त्यात एक अट टाकते: ७,००० ते ७,२०० किलोहर्ट्झ सोडून पीटीटी चालणारच नाही. ऐकायला सगळं उघडं.

काका: हे मले पटत नाही. उद्या काही आफत आली तं? २००४च्या सुनामीत अंदमानमध्ये हॅम लोकच होते ना पहिले बोलणारे? तवा काय कुलूप उघडत बसाचं?

पुतणी: अंदमानचं स्टेशन तिथे परवानगी घेऊन आधीपासून उभं होतं. चांगले सेट, सरावलेली माणसं. म्हणून ते कामाला आलं. आफतीत आपला सेट संकटाच्या फ्रिक्वेन्सीवर भूत सोडत असेल तर आपण मदत करतोय की अडचण?

काका: बरं, आवाजाचं जाऊ दे. पॉवरचं बोल. ३.५वर हा दहा वॅटच्या वर देते, अन् २८वर दोन-तीनवर येते. आयआरएफ५१०चा गेटच जड आहे, वर त्याचं गेन पडते. ड्रायव्हरचे ट्रान्झिस्टर बदलले, बोर्डाचे १२ तसेच ठेवून फायनलले वेगळे २४ व्होल्ट देल्ले तं...

पुतणी: त्याचा नंबर शेवटचा. जे निघतंय ते स्वच्छ आहे की नाही हे कळायच्या आधी ते वाढवायचं नाही.

काका: बायस तं पाहू दे? दोन्ही मॉस्फेटचा करंट एकसारखा नसला तं पुशपुल राह्यतच नाही, अन् दुसरं हार्मोनिक वाढते. हे तं तुह्याच बाजूचं काम आहे.

पुतणी: ते पाहा. मीटर लावून, डमी लोडवर, एकेक करून.

मला हे भांडण सुटावं असं वाटत नाही. काकांसारखा माणूस नसता तर बिटएक्स जन्मालाच आला नसता. नळाचा वॉशर हा कॉइलचा साचा होऊ शकतो हे सुचायला दुकानाच्या ओट्यावर वाढलेली बुद्धी लागते. आणि पुतणीसारखी माणसं नसती तर तो पहिल्याच आवृत्तीवर थांबला असता, सगळ्यांनी "आवाज छान येतोय" म्हणत. आपल्याकडे पहिल्या जातीच्या माणसांचं कौतुक होतं, गोष्टी सांगितल्या जातात. दुसऱ्या जातीच्या माणसाला किरकिरं म्हणतात. महाराष्ट्राच्या गावागावांत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची जी पिढी आता दुकानं बंद करते आहे, तिच्या हातात अशा सेटांसाठी लागणारं सगळं कसब आहे. तिला फक्त मोजायचं यंत्र आणि ते वाचणारं कोणीतरी शेजारी हवं. हे दोघं एका टेबलावर येतील अशी सोय आपण कुठेच केलेली नाही, याचं मला वाईट वाटतं. तंत्रनिकेतनात काकांना कोणी बोलावत नाही आणि दुकानात पुतणी जात नाही.

काका: मंग आजचं काय ठरलं?

पुतणी: आज उलट्या बॅटरीचा डायोड आणि फ्यूज. डमी लोड. बायस. कुलूप मी रात्री टाकते. फिल्टरचे टोरॉइड आले की फिल्टर, मग मोजमाप. ते जमलं की तुमचा एजीसी, हवेत जायच्या आधी. ते तुमचं मला पटलं.

काका: अन् रिले?

पुतणी: आधी बाहेरच्या फिल्टरसकट मोजू, मग त्याच्याशिवाय. किती गळतंय ते आकड्यात कळलं की कापा ट्रॅक. तुमच्याइतकं स्वच्छ दुसरं कोणी कापणार नाही. पण प्रत्येक बदल सर्किटवर लाल पेनानं काढायचा, तारीख टाकायची, आणि तो कागद डब्यात ठेवायचा.

काका: मी कधी कागद काढला नाही. माह्या ध्यानात राह्यते.

पुतणी: तुमच्या राहतं. तुमच्यानंतर हा सेट उघडणाऱ्याला कसं कळेल की कुठला रिले काय करतो? फरहान यांनी कागद उघडा ठेवला म्हणून आपण इथवर आलो.

काका: लाल पेन आण मंग. अन् तुह्या कुलपाचीबी ओळ त्यावरच लिही. कोणत्या ठिकाणी अट टाकली, कशी काढाची, सगळं. २८ मोजून स्वच्छ झालं का मले ते उघडता आलं पाह्यजे, तू नोकरीले दूर गेली तरी.

पुतणी: लिहिते. पण आकडा ४३च्या खाली असला तर उघडायचं नाही.

काका: पन्नास झाल्याबिगर मीच उघडत नाही. आता तो मीटर दे इकडे, अन् बॅटरीची लाल तार सोड.